‘भुसावळात बसून काय कळणार?’ या प्रतिक्रियेला उत्तर

गॅरेज रॉकच्या, म्हणजे साठच्या दशकातल्या अमेरिकन पोरांनी गॅरेजात तालीम करून वाजवलेल्या रॉक संगीताच्या, तबकड्यांवरच्या माझ्या लेखाखाली ‘धुळेकर’ या नावाने प्रतिक्रिया आली आहे: "काका, सोनिक्स सिएटलचे नाहीत, टॅकोमाचे. भुसावळात बसून यातलं काय कळणार, नुसतं मिरवणं आहे. गाणी फुकट ऐकायला मिळतात, कॉमिक्स पोरासोरांची असतात, आणि अहिराणीच्या जुन्या रेकॉर्ड मात्र कोणी जमवत नाही."

टॅकोमा मान्य. सोनिक्स या अमेरिकन बँडला मी लेखात सिएटलचं म्हटलं होतं. १९६५ ची त्यांची पहिली एलपी घरात असून मी चुकलो. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार.

पण भाऊ, ‘काका’ म्हणून सुरुवात करायची आणि पुढच्याच ओळीत गावासकट माणसाचा पाणउतारा करायचा, ही कुठली रीत? मतभेद मांडायला ना नाही. अशा भाषेत माझ्याशी घरचे वडीलधारेही कधी बोललेले नाहीत.

आता ‘भुसावळात बसून’. माझे वडील रेल्वेत फिटर. आमच्या क्वार्टरच्या मागच्या ओळीत एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर राहायचे. १९७८ मध्ये ते ऑस्ट्रेलियाला निघाले तेव्हा सामान वाटून टाकलं. आमच्या वाट्याला एक प्लेअर आला आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सात इंची तबकड्या. मी चौथीत होतो. इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं, म्हणजे एक शब्द कळत नव्हता. तरी त्यातल्या दोन-तीन तबकड्यांवरची ती फाटक्या आवाजाची गिटार मी रोज लावायचो. आई अमळनेरकडची. स्वयंपाकघरातून ओरडायची, "हाई काय वाजी ऱ्हायनं रे?" तेव्हा मी कोणासमोर मिरवत होतो, हे धुळेकरांनी सांगावं.

आणि कळण्याचंच म्हणाल तर हे संगीत मुळात आडगावच्या पोरांचं. १९६४ मध्ये बीटल्स अमेरिकेत आले आणि तिथल्या गावोगावच्या शाळकरी मुलांनी गिटारी उचलल्या. गाडी बाहेर काढायची आणि गॅरेजात तालीम करायची. चार पैसे जमले की स्थानिक स्टुडिओत दोन गाणी, पाचशेच्या आसपास प्रती, संपलं. आमच्याकडे लग्नसराईआधी बँडची पोरं रिकाम्या गोदामात तालीम करतात, त्यांच्याहून ही वेगळी कशी? माझ्याकडच्या एका तबकडीच्या लेबलवर निळ्या शाईत कुणा मुलीचं नाव आहे. दुसऱ्या कडव्यात ड्रमवाला एक ठोका उशिरा येतो. ती चूक तशीच राहिली आहे; पुन्हा वाजवायला पैसे नसावेत. त्या जागेसाठी मी ती तबकडी लावतो. आपल्या देशातही सिगारेट कंपनीच्या शिमला बीट या बँड-स्पर्धेतल्या पोरांच्या १९७० आणि १९७१ च्या एलपी आहेत. तेही मिरवणंच का?

कॉमिक्सवर थोडक्यात. हार्वी पेकर हा क्लीव्हलंडच्या एका इस्पितळात फायली लावणारा कारकून. १९७६ पासून त्याने स्वतःच्या नोकरीवर, रांगांवर, भांडणांवर कॉमिक्स लिहिलं आणि पदरच्या पैशाने छापलं. रॉबर्ट क्रंब या चित्रकाराशी त्याची दोस्ती जमली ती जॅझच्या जुन्या रेकॉर्डवरून. म्हणून तबकड्यांचं आणि कॉमिक्सचं अशी दोन कपाटं माझ्या घरात शेजारी उभी आहेत. पोरासोरांचं म्हणणाऱ्यांनी ओरिजित सेन यांचं नर्मदा आंदोलनावरचं १९९४ चं चित्रपुस्तक वाचावं. अक्कलकुवा-अक्राणीची गावं पाण्याखाली गेली तो प्रश्न आहे त्यात. ते तर आपलंच, खान्देशातलं.

फुकट गाण्यांबद्दल बोलण्यात वेळ घालवत नाही. अहिराणीचा मुद्दा इथे कशाला आणला, ते तुम्हालाच ठाऊक. इतकी कळकळ असेल तर तुम्ही जमवा, कोणी अडवलंय?

मे महिन्यात इथे पारा ४५ च्या पुढे जातो. आडव्या रचलेल्या तबकड्या वाकतात, म्हणून त्या उभ्या, माजघरातल्या आतल्या भिंतीला लावून ठेवाव्या लागतात. दुपारी कूलरच्या आवाजात काही ऐकू येत नाही, म्हणून मी पहाटे पाचला उठून ऐकतो. त्या वेळी घरात जागं कोणीच नसतं.

पुढच्या वेळी लिहाल तेव्हा स्वतःच्या नावाने लिहा. आणि ‘काका’ नको.