कोर्टाचा निकाल फॉरवर्ड करण्याची योग्य पद्धत

बंधुभगिनींनो, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा निकाल हाती आला की तो आधी पाठवावा. वाचत बसू नये. वाचेपर्यंत शेजारच्या चर्चमंडळीचा ग्रुप पुढे निघून जातो.

निकालाला तारीख घालू नये. जून २०२२ चा निकाल कालचा वाटला पाहिजे. गेल्या रविवारी आमच्या ग्रुपवर तो तसाच अवतरला: ‘अमेरिकेत शाळाशाळांत प्रार्थना सक्तीची! दहा जणांना पाठवा, आशीर्वाद मिळेल.’ खाली आमेनांची रांग. मी विचारलं, कुठला निकाल? उत्तर आलं, ‘ब्रदर, तुमचा विश्वास कमी पडतोय.’

शंका काढणाऱ्याला असंच उत्तर द्यावं, आणि जमल्यास त्याचं नाव उपासप्रार्थनेच्या यादीत घालावं.

तपशिलात तर मुळीच शिरू नये. शिरलात की कळतं, ब्रेमर्टनच्या शाळेतला फुटबॉल प्रशिक्षक जोसेफ केनेडी मॅच संपली की मैदानाच्या मध्यावर गुडघे टेकायचा. शाळेने अडवलं. कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की ही त्याची वैयक्तिक प्रार्थना आहे, ती अडवता येणार नाही. झालं, एवढंच. सरकारी शाळेने मुलांकडून प्रार्थना म्हणवून घेऊ नये हा १९६२ चा निकाल जागच्या जागी आहे. कुठली सक्ती आणि कसलं काय! तीनच दिवस आधी गर्भपातावरचा डॉब्स निकाल आला होता. मलाही आनंद झाला, लपवत नाही. पण ‘अमेरिकेत गर्भपात बंद’ हे कुठून आणलंत? कोर्टाने प्रश्न राज्यांकडे सोपवला. काही राज्यांनी बंदी घातली, काहींनी उलट संरक्षण वाढवलं. हे कोण टाइप करणार?

आपल्या देशातले निकाल पाठवू नयेत. त्यांना आमेन पडत नाही.

१९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात आपल्याच सुप्रीम कोर्टाने म्हटलं की कलम २५ मधल्या धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. राज्याराज्यांतले धर्मांतरविरोधी कायदे याच निकालाच्या आधारावर उभे आहेत. घरसभेच्या, म्हणजे घरातल्या प्रार्थनेच्या, दारात पोलीस उभा राहतो तो त्या कायद्यांच्या जोरावर. ग्रुपवर कधी आला हा निकाल? १९८५ मध्ये केरळातली तीन भावंडं राष्ट्रगीताला उभी राहायची पण गायची नाहीत, म्हणून शाळेने काढली. १९८६ मध्ये सुप्रीम कोर्टाने परत घ्यायला लावली. ती ‘यहोवाचे साक्षीदार’ या पंथातली मुलं. त्यांची शिकवण मला साफ अमान्य आहे, पण लढले ते. आणि अनुसूचित जाती ठरवणारा १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश? बौद्ध झालेल्या चुलतभावाला अनुसूचित जातीचा दाखला मिळतो, त्याच घरातल्या ख्रिस्ती पोराला नाही. हे तुमच्याच घरातलं आहे ना?

आता सरळच बोलतो. लाज वाटते मला. मंडळीत वकील बोलावला तेव्हा बाकं रिकामी होती, आणि नंतरच्या जेवणाला पंगत कशी भरली? चाबूक बसणार हे दिसताच बायबलातल्या प्रेषित पौलाने आपलं रोमी नागरिकत्व पुढे केलं, पुढे थेट कैसराकडे दाद मागितली. त्याला कायदा पाठ होता. तुम्हाला अंगठा दाबता येतो. खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा मोबाइलला लागू नाही असं कुणी शिकवलं तुम्हाला? संविधान मराठीत मिळतं, फुकट मिळतं. कलम २५ कशाकशाच्या अधीन आहे, हे पुढच्या रविवारी उपासनेनंतर एकेकाला उभं करून विचारणार आहे. सुरुवात पाळकसाहेबांपासून.