होतकरू स्टर्जनरक्षकास चार युक्तीच्या गोष्टी

एखादी दुर्मीळ प्रजात वाचवायला घ्यावी असं तुमच्या मनात आलंय, हे ऐकून आनंद झाला. पण वाघ घेऊ नका. वाघामागे गर्दी फार. जीप असतात, कॅमेरे असतात, आणि एखादा मेला तर दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचं नाव आणि वंशावळ छापून येते. तुमच्यासारख्या शांतपणे काम करू इच्छिणाऱ्याला स्टर्जन मासा बरा. तो नदीच्या तळाशी गढूळ पाण्यात हिंडतो, तोंडापुढच्या मिशांनी चिखलातले किडे-शिंपले चाचपतो, मोठेपणी त्याला दातही नसतात. अंगावर खवल्यांऐवजी हाडाच्या तकटांच्या पाच रांगा. त्याच्या कुळानं डायनासोरांचं राज्य येताना पाहिलं आणि जातानाही. इतकं सोसलेल्या प्राण्याला आपण काय ते नवीन करणार, असं वाटून खचू नका. माणसानं जे शंभरेक वर्षांत साधलंय ते त्या उल्केलाही जमलं नव्हतं. 2022 च्या आययूसीएनच्या, म्हणजे निसर्ग जपणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या पाहणीत जगात उरलेल्या सगळ्या, म्हणजे 26 च्या 26 स्टर्जन आणि त्यांच्या भाऊबंद पॅडलफिश प्रजाती धोक्यात निघाल्या. शंभर टक्के निकाल लागणारी शाळा तुम्हाला दुसरीकडे सापडायची नाही.

आणि या माशाचा खरा गुण अजून सांगितलाच नाही. बेलुगा स्टर्जनची मादी वयात यायला पंधरा-पंधरा वर्षं घेते, कधी त्याहून जास्त. त्यानंतरही ती दरसाल अंडी घालत नाही. म्हणजे आज तुम्ही फीत कापून जी पिल्लं नदीत सोडाल, त्यांचं पुढं काय झालं हे विचारायला कोणी येईल तेव्हा तुम्ही निवृत्त होऊन नातवंडं खेळवत असाल. सत्काराची शाल तुमची, चौकशीचा कागद तिसऱ्या साहेबाच्या टेबलावर. वाघिणीकडून असली सवलत मिळत नाही.

तर सुरुवात धरणापासून करा. नवशिके इथंच चुकतात, ते आधी मासा वाचवायला जातात. अहो, धरण नसेल तर मासा आपला आपण वर जाईल, अंडी घालेल, खाली येईल. मग तुमची गरज कोणाला? चीनमध्ये हा क्रम फार सुबक पाळला गेला. चिनी स्टर्जन समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला यांगत्सी नदीतून हजारो किलोमीटर वर जातो. 1981 साली गेझोउबा धरणानं नदी अडवली. माशांना वर जायला वाट ठेवायची की नाही यावर विचार झाला आणि ठरलं की वाट नको, कृत्रिम प्रजनन करू. लगेच पुढच्या वर्षी, 1982 मध्ये, यिचांगला धरणाच्या उशाशीच स्टर्जन संशोधन संस्था उभी राहिली. आधी भिंत, मग संस्था. काही मासे धरणाच्या पायथ्याशी, जिथं भिंतीला डोकं टेकलं तिथंच, अंडी घालू लागले. लोकांना हायसं वाटलं, बघा, जमवून घेतलं त्यांनी. मग वरच्या अंगाला थ्री गॉर्जेस धरण झालं, 2003 मध्ये त्यात पाणी साठू लागलं, त्याच्याही वर आणखी धरणं झाली. शरद ऋतूत पाणी थंड व्हायला उशीर होऊ लागला आणि अंडी घालण्याचं माशांचं वेळापत्रक कोलमडलं. 2017 पासून त्या पायथ्याशीही नैसर्गिक वीण आढळलेली नाही. पिल्लं सोडण्याचे समारंभ मात्र चालू आहेत, आणि तिथंच तुमच्यासाठी धडा आहे. सोडलेले मासे मोजा. परतलेले कधी मोजू नका. सोडलेल्यांचा आकडा वर्षागणिक वाढतो, बेरीज करता येते, फलकावर रंगवता येतो.

सोव्हिएत काळात हे गणित याहून मोठ्या मापात मांडलं गेलं. व्होल्गा नदीवर व्होल्गोग्राडचं धरण झालं आणि बेलुगाच्या अंडी घालायच्या जवळजवळ सगळ्या जागा पलीकडे राहिल्या. त्यावर उपाय म्हणून खाली मत्स्यबीज केंद्रं काढली, दरवर्षी कोट्यवधी पिल्लं व्होल्गा जिथं मिळते त्या कॅस्पियन समुद्रात जाऊ लागली. तरी त्या व्यवस्थेत थोडी गोम होती असं आता मागं वळून वाटतं. 1962 पासून त्यांनी भर समुद्रातली स्टर्जन मासेमारी बंद केली होती आणि ती बंदी बऱ्यापैकी पाळलीही जात होती. असल्या गोष्टींनी काम रेंगाळतं. 1991 नंतर सुदैवानं एकाच्या जागी चार किनारी देश झाले, पाचवा इराण होताच, आणि पहारा कोणी करायचा हा प्रश्न पाच राजधान्यांमध्ये नीट वाटला गेला.

कोणी फारच आग्रह धरला की धरणात माशांना वाट ठेवा, तर नाही म्हणू नका. अभ्यास चालू आहे म्हणा. डॅन्यूब नदीवर रोमानिया आणि सर्बियाच्या मधे आयर्न गेट्सची दोन धरणं आहेत, पहिलं 1972 चं आणि दुसरं 1984 चं. त्याआधी काळ्या समुद्रातले बेलुगा पार व्हिएन्नाच्याही वर जात असत. आता खालच्या धरणाशी येऊन थांबतात. तिथं वाट काढता येईल का, याचा व्यवहार्यता अभ्यास पन्नास वर्षांनंतरही सन्मानानं चालू आहे. आणि अगदीच काही बांधावं लागलं तर साल्मनसाठी करतात तशा पायऱ्या बांधा. साल्मन उड्या मारतो. स्टर्जन तळ धरून चालणारा, कित्येक मण वजनाचा प्राणी, त्याला त्या पायऱ्या दाखवणं म्हणजे म्हशीला माडीवर बोलावणं. ती येणार नाही, आणि आपण जिना तर बांधला होता असं तुम्हाला आयुष्यभर म्हणता येईल.

आता संशोधनाबद्दल. काही लोक शास्त्रज्ञांना घाबरतात. उगाच. शास्त्रज्ञ हा स्टर्जनरक्षकाचा सर्वांत चांगला मित्र, फक्त त्याला कोणता प्रश्न विचारायचा हे कळलं पाहिजे. माशाला काय लागतं, असं विचाराल तर पंचाईत. त्याचं उत्तर कधीचं तयार आहे. वरपर्यंत मोकळी वाट, गोट्यांचा स्वच्छ तळ, हंगामात वेळेवर वाढणारं पाणी, आणि मादी म्हातारी होईपर्यंत तिला कोणी मारू नये. एवढंच. हे सगळं नदीकडून मागायचं असतं, आणि नदी तर आपण आधीच देऊन बसलोय. म्हणून शास्त्रज्ञांना नेहमी असा प्रश्न विचारा ज्याचं उत्तर प्रयोगशाळेत सापडेल. माशाच्या अंगात इवली चिप बसवता येईल का? पराच्या काट्याचा काप काढून त्यातली वलयं मोजून वय सांगता येईल का? बाटलीभर नदीच्या पाण्यातल्या डीएनएवरून मासा तिथून गेला का, हे कळेल का? सगळं येतं त्यांना. स्टर्जन वरून बघून नर की मादी हे कळत नाही, त्यासाठीही आता जनुकीय चाचणी आहे. बिचारे थंडीवाऱ्यात होडीत बसून मन लावून हे सगळं करतात. त्यांच्या अहवालातली पहिली शिफारस, ती नदीची, तेवढी तुम्ही पुढच्या टप्प्यासाठी राखून ठेवा.

पाळत ठेवण्याच्या शास्त्राचा सर्वोच्च नमुना म्हणून यांगत्सीतल्याच चिनी पॅडलफिशची गोष्ट लक्षात ठेवा. तलवारीसारख्या लांब नाकाचा हा स्टर्जनचा चुलतभाऊ. जानेवारी 2003 मध्ये सिचुआनमधल्या यिबिनजवळ एक साडेतीन मीटर लांबीची मादी मासेमारांच्या जाळ्यात आली. तिच्यावर उपचार झाले, अंगाला ट्रान्समीटर लावला आणि मोठ्या काळजीनं तिला पुन्हा नदीत सोडलं. थोड्याच काळात सिग्नल हरवला. त्यानंतर तो मासा कोणीही पाहिलेला नाही. पुढं सगळी नदी धुंडाळून, जुन्या नोंदी मांडून शास्त्रज्ञांनी हिशेब लावला तेव्हा निघालं की 1993 च्या सुमारासच ही जात वंश टिकवण्याच्या पलीकडे गेली होती, म्हणजे ती मादी सापडली त्याच्या दहा वर्षं आधी. शेवटचा मासा 2005 ते 2010 च्या दरम्यान कधीतरी मेला असावा. बंदिस्त जागेत एकही उरला नव्हता. 2022 मध्ये ही जात अधिकृतपणे नामशेष झाली. तुमच्या कामाला इतका नेटका शेवट मिळेलच असं नाही. पण 2021 च्या 1 जानेवारीपासून यांगत्सीत दहा वर्षांची मासेमारी बंदी लागू झाली आहे, हेही त्याच पानावर लिहून ठेवा. वेळ कशी साधावी, याचं उदाहरण म्हणून.

शास्त्रज्ञांच्या हातून कधी कधी चुकून काही जन्मालाही येतं. 2020 मध्ये हंगेरीतल्या संशोधकांनी रशियन स्टर्जनच्या अंड्यांना अमेरिकन पॅडलफिशचे शुक्राणू लावले. त्यांना संकर नकोच होता. अंड्यानं बापाचा वाटा न घेता वाढावं, शुक्राणूंनी नुसती चालना द्यावी, असा तो बेत. एकाच्या घराण्याचा दुसऱ्याशी संबंध सुटून 184 दशलक्ष वर्षं झालेली, तेव्हा आणखी काही होईल अशी भीतीही नव्हती. तर शेकडो पिल्लं निघाली, शंभरेक जगलीही. कोणाचं नाक आईचं, कोणाचे पर बापाचे. संशोधक म्हणाले, आणखी जन्माला घालायचा विचार नाही, आणि त्यांचं ते खरं मानायला हरकत नाही. पण तुम्ही यातून घ्यायचं ते घ्या. ज्या मादीला स्वतःच्या नदीत स्वतःच्या जातीचा जोडीदार भेटत नाही, ती टाकीत खंडापलीकडच्या पाहुण्याशी संसार थाटू शकते. भाषणाचा शेवट करायला याहून चांगला मुद्दा नाही.

(मासे इकडून तिकडे हलवण्याची हौस असेल तर मध्य आशियातल्या, पुढं आटत गेलेल्या अरल समुद्राची 1930 च्या दशकातली गोष्ट वाचून काढा. उत्पादन वाढावं म्हणून कॅस्पियनचा तारांकित स्टर्जन तिकडे नेला, त्याच्या कल्ल्यांतला परजीवी बरोबर गेला आणि 1936 मध्ये अरलच्या मूळच्या स्टर्जनचा खच पडला. समुद्र आटण्याची वाटसुद्धा पाहावी लागली नाही.)

बंदीच्या बाबतीत मन खंबीर ठेवा आणि मासेमारावर घाला. तो समोर दिसतो, त्याचं जाळं दिसतं, तो होडीतच पकडता येतो. रोमानियानं 2006 मध्ये स्टर्जनच्या मासेमारीवर बंदी आणली, मग ती वाढवत नेली. डॅन्यूबच्या मुखाकडच्या गावांत ज्यांची घरं या माशावर चालत होती त्यांनी दुसरं काय करावं, हा तपशील शेजारच्या खात्याचा. खाणाऱ्यावर मात्र बंदी नको. तो दूरच्या शहरात काचेच्या बशीत चमचा घेऊन बसलेला असतो. तो चांगला माणूस असतो, बहुतेक वेळा देणगीदारही.

त्याच्या बशीत काय असतं म्हणाल, तर कॅव्हिआर. आपल्याकडची गाबोळी, फक्त तव्यावर न जाता मीठ लावून डबीत गेलेली आणि डबीतच श्रीमंत झालेली. जंगली स्टर्जन संपत चालला तशी पैदास केंद्रं वाढली, आणि आज टाक्यांतल्या कॅव्हिआरमध्ये पहिला नंबर चीनचा. ज्या देशात यांगत्सी स्टर्जन 2022 मध्ये निसर्गातून नामशेष जाहीर झाला, त्याच देशात स्टर्जनची शेती जोरात आहे, बरीचशी अमूर नदीकडच्या जातींच्या संकराची. त्यामुळे कोणी डोळ्यांत पाणी आणून विचारलं की स्टर्जन संपला का हो, तर ठामपणे सांगा, छे, टाकीत आहे.

एका जागी मात्र जाऊ नका. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये विनेबागो नावाचं तळं आहे. तिथले लोक फेब्रुवारीत गोठलेल्या तळ्यावर खोपटं टाकून, बर्फाला भोक पाडून भाल्यानं स्टर्जन मारतात. रानटीपणाच. पण ठरलेला आकडा भरला की त्याच दिवशी हंगाम आवरता घेतात. मारलेला प्रत्येक मासा नोंदवतात, अंडी विकायची नाहीत असा कायदा आहे, आणि वसंतात मासे उथळ पाण्यात अंडी घालायला आले की हेच भालेवाले स्वयंसेवक बनून काठावर रात्रभर पहारा देतात. 1977 पासून त्यांची स्वतःची संघटना आहे, ती पैसे जमवून संशोधनाला देते. परिणामी त्या तळ्यात स्टर्जन भरपूर. असले अपवाद पाहिले की माणसाची सिद्धान्तावरची श्रद्धा ढळते.

राहता राहिला तुमच्या सत्काराच्या रात्रीचा मेनू. 1998 पासून स्टर्जनच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स करारानुसार, म्हणजे दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबद्दलच्या देशोदेशींच्या करारानुसार नियंत्रण आहे, डबीवर खुणेचं लेबल लागतं, त्यामुळे पाहुणे निर्धास्त खातात. 2023 मध्ये काही संशोधकांनी बल्गेरिया, रोमानिया, सर्बिया आणि युक्रेनमधून घेतलेले 149 नमुने डीएनए आणि समस्थानिकांच्या (मासा नदीतला की टाकीतला हे सांगणाऱ्या) चाचणीनं तपासले, तेव्हा जवळजवळ निम्मे बेकायदा निघाले. 21 टक्के तर थेट जंगली माशांचे. म्हणून तुम्ही कॅव्हिआर मागवू नका, उगाच कोणी पत्रकार शेजारी बसलेला असायचा. स्टर्जनचं सूप मागवा. त्याच तपासणीत स्टर्जन म्हणून वाढलेल्या ताटात कॅटफिश आणि आफ्रिकेतला नाईल पर्च सापडला होता. बिल स्टर्जनचं लागेल, पण ते संस्थाच भरणार आहे.