नुसतं बसून खायचं म्हणे!

परवा सोलापूरच्या पार्क चौकात चहा घेताना एक मित्र म्हणाला, "तुझ्या सासरवाडीचं बरंय बे. आभाळ गळतंय, भात पिकतंय, मासे दारात येतेत. नुसतं बसून खायचं!"

त्याचं चुकलं असं तोंडावर म्हणवेना. आपल्याकडं वर्षाला जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर पाऊस, तिकडं त्याच्या चौपट. टँकरच्या रांगेत वाढलेल्या माणसाला हिरवं दिसलं की सुखच दिसतं. लग्नाआधी मीही हेच बोलायचो, म्हणून लिहितोय.

माझी सासरवाडी अलिबाग तालुक्यातल्या खारेपाटात. अलिबाग म्हटलं की आपल्या लोकांना बीच आणि कुलाबा किल्ला आठवतो. खारेपाट त्याच्या मागं, खाडीकाठाला.

पहिल्या दिवाळसणाला मामा (सासरे) मला बांधावर घेऊन गेले. एका अंगाला कापणीला आलेलं भात, दुसऱ्या अंगाला भरतीची खाडी, आणि खाडीचं पाणी भाताच्या जमिनीपेक्षा वर! मी बघतच राहिलो. आपण बांध घालतो ते शेतात पाणी मुरावं म्हणून. तिथं बांध घालतात ते पाणी शेतात येऊ नये म्हणून. मग त्यांनी उघाडी दाखवली. दगडी मोरीला खाडीच्या बाजूनं लाकडी झडप. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी झडप ढकलून बाहेर जातं, भरती आली की खाडीचंच पाणी ती दाबून बंद करतं. कुणी उघडायला नको, कुणी लावायला नको. बाकी सगळ्याला मात्र माणूस लागतो. खेकड्यानं भोक पाडलं तरी जाऊन चिखल थापायचा. बोटाएवढं भोक उधाणाच्या एका रात्रीत बैलगाडी जाईल एवढी खांड होतं. खारं पाणी एकदा शिरलं की पुढचे दोन-तीन पावसाळे जमीन धुऊन निघेपर्यंत हातात काही नाही.

आणि पूर्वी एवढं करून जमीन खोताची, म्हणजे सरकारसाठी सारा गोळा करणाऱ्या जमीनदाराची! कुळानं बांध राखायचा, भात पिकवायचं, कबुलायत (खंडाचा करार) लिहून द्यायची आणि खळ्यावरूनच मोठा वाटा मोजून द्यायचा. याच पट्ट्यात चरी गावच्या शेतकऱ्यांनी 1933 मध्ये संप केला. नारायण नागू पाटील पुढारी, आसपासची 25 गावं सामील. आपण गिरणगाव, संप आपल्याला नवा नाही. पण गिरणीतला संपकरी मालकाचं यंत्र थांबवतो. शेतकऱ्याचा संप म्हणजे आपल्याच पोटावर पाय. तो त्यांनी 1939 पर्यंत चालवला. जंगलातून लाकडं आणून विकली, मोलमजुरी केली, पण खोताच्या शेतात नांगर घातला नाही. दरम्यान 17 सप्टेंबर 1937 ला डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. खोती कायद्यानं गेली ती स्वातंत्र्यानंतर, 1949 च्या कायद्यानं. आपल्या शाळेत सोलापूरचा 1930 चा मार्शल लॉ शिकवला, त्यात फाशी गेलेले चार हुतात्मे शिकवले, बरोबरच आहे. चरीचं नाव मात्र मी पहिल्यांदा ऐकलं ते सासऱ्यांच्या तोंडून, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी.

आता खोत नाही, पण बांधाला माणूसही नाही. पोरं मुंबईला. पूर्वी गाव मिळून बांध धरायचा, आता खांड गेली की अर्ज करायचा आणि वाट बघायची. मामांचा एक तुकडा असाच गेला. खारं पाणी राहिलं, त्यात कांदळ उगवलं, आणि कांदळ तोडायला बंदी. कांदळवन राखलंच पाहिजे, मी त्याच्या विरोधात नाही. पण ज्या शेतात बायकोनं लहानपणी भात लावलंय, तिथं आता चिखल आणि बगळे. बाजूच्या उंचवट्यावर शहरातल्या कुणाचा तरी बंगला, वर्षातून चार दिवस उघडणारा. तो बघून आपले लोक "काय मस्त कोकण" म्हणत फोटो टाकतात.

गेल्या मे महिन्यात मामा सोलापूरला आले होते. मी त्यांना मोहोळकडच्या आमच्या रानात नेलं. विहिरीनं तळ गाठलेला, काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा. मला लाजच वाटत होती. मामांनी वाकून एक ढेकूळ उचललं, चुरलं आणि चिमूटभर माती जिभेवर ठेवली.

"गोड हाय," म्हणाले, आणि उरलेली रुमालात बांधून घेतली.