चोर सोडून फ्लास्कला फाशी

नव्या सर्व्हरवर पायथनमध्ये लिहिलेली जुनी वेब सर्व्हिस चढवायची असली की मी घरी सांगून ठेवतो, "दहा मिनिटांचं काम आहे." घरचे त्यावर काही बोलत नाहीत. माझं ताट झाकून ठेवतात आणि झोपायला जातात.

दहा मिनिटांचा हिशेब तसा चुकीचा नसतो. कोड तयार असतो, त्यात कुणी हात घातलेला नसतो. रिक्वायरमेंट्सच्या, म्हणजे लागणाऱ्या तयार पॅकेजांच्या, फाइलमध्ये मोजून तीन ओळी असतात: फ्लास्क==२.२.२ (वेब सर्व्हिसचा सांगाडा), गनिकॉर्न (ती चालवणारा) आणि सायकोपीजी२ (पोस्टग्रेस डेटाबेसशी बोलणारा). व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (या सर्व्हिसच्या पॅकेजांची वेगळी खोली) बनवायचं, फाइल पॅकेजं उतरवून बसवणाऱ्या पिपच्या हवाली करायची, सर्व्हिस सुरू करायची. झालं.

पहिला अडकतो तो सायकोपीजी२. पीजी_कॉन्फिग नावाचा प्रोग्राम सापडत नाही म्हणून तो तिथल्या तिथे बसकण मारतो. त्याच्या जागी सायकोपीजी२-बायनरी लिहिलं की तो गप्प होतो, कारण त्यात सगळं आधीच शिजवून भरलेलं असतं. या गड्याबद्दल मला आदर आहे. काय हवंय ते तो नाव घेऊन सांगतो. पुढे जे भेटतात त्यांच्यात एवढा सरळपणा नाही.

पिप आता खुशीत येऊन 'सक्सेसफुली इन्स्टॉल्ड' म्हणतो आणि पाहुण्यांची यादी वाचून दाखवतो. आपण फ्लास्क एकट्याला बोलावलं होतं. तो वर्कझ्यूग (वेबच्या विनंत्या-उत्तरांचं मूळ काम करणारा), जिंजा, क्लिक आणि इट्सडेंजरस अशा चौघांना घेऊन आला, आणि जिंजानं आपल्या पाठीमागे मार्कअपसेफ आणला. या मंडळींत इट्सडेंजरस हा नावाच्या मानानं गरीब. तरी २०२२ च्या फेब्रुवारीत २.१ आवृत्तीत त्यानंही स्वतःतला जेसन नावाचा भाग काढून टाकला, फ्लास्क १.१.२ वर चालणाऱ्या सर्व्हिसा आडव्या पाडल्या आणि नावाची लाज राखली.

मग सर्व्हिस सुरू करायची. ब्राउझरमध्ये ५०२ दिसतं. ५०२ हे एनजिनएक्सचं, म्हणजे दारावरच्या वेब सर्व्हरचं, म्हणणं: 'मी दारात उभा आहे, पण आतून कुणी ओ देत नाही.' इथे एनजिनएक्सच्या कॉन्फिगमध्ये हात घालणाऱ्याची रात्र गेलीच म्हणून समजा. आत काय झालं ते जर्नलसीटीएलला, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीला, विचारायचं. तिथे गनिकॉर्ननं 'वर्कर फेल्ड टू बूट' एवढं लिहून हात वर केलेले असतात, आणि त्याच्याही वर, वीस-पंचवीस ओळींच्या ट्रेसबॅकच्या (चूक कुठून कुठे पोचली त्या यादीच्या) तळाशी, खरं वाक्य असतं: वर्कझ्यूग डॉट यूआरएल्समधून यूआरएल_कोट हे नाव इम्पोर्ट करता येत नाही.

ट्रेसबॅक नेहमी खालून वर वाचावा. तळाची ओळ काय मोडलं ते सांगते, तिच्या वरची ओळ कुणाच्या फाइलमध्ये मोडलं ते सांगते. इथे वरची ओळ फ्लास्कच्या ॲप डॉट पीवायकडे बोट दाखवते, आणि सगळे फ्लास्कवर तुटून पडतात. फ्लास्क काढा, फ्लास्क पुन्हा टाका, कॅशे पुसा, पुन्हा टाका. आजार रेड्याला आणि औषध पखालीला. पिपनं फ्लास्क काढला तरी त्याच्याबरोबर आलेली मंडळी तिथेच राहतात. अनइन्स्टॉल फक्त नाव घेतलेल्या पॅकेजपुरतं असतं. त्यामुळे फ्लास्क परत येतो तो त्याच मुक्कामी असलेल्या त्याच वर्कझ्यूगच्या शेजारी.

वस्तुस्थिती अशी. फ्लास्क २.२.२ ची अट आहे 'वर्कझ्यूग २.२.२ किंवा त्यापुढचा'. खालची मर्यादा आहे, वरची नाही. ३० सप्टेंबर २०२३ रोजी वर्कझ्यूग ३.० आला आणि त्यातून यूआरएल_कोट गेला. ३ हा २.२.२ च्या पुढचाच आकडा, म्हणून पिपनं प्रामाणिकपणे सगळ्यात नवा उचलून आणला. फाइलमध्ये एक अक्षर न बदलता, त्या तारखेच्या आधी उभारलेली सर्व्हिस चालते आणि नंतर उभारलेली पडते. 'मी काहीच बदललं नाही' हे माणूस शपथेवर सांगतो, आणि ते खरंही असतं. बदल जगात झालेला असतो. वरची मर्यादा न लिहिणं म्हणजे सही करून कोरा ठेवलेला चेक.

बरं, वर्कझ्यूगनं दगा दिला म्हणावं, तर तसंही नाही. २.३ मध्येच त्यानं बजावलं होतं की हे नाव आता जाणार. पण पायथन अशी डेप्रिकेशनची इशारेवजा कुजबुज मुळातच झाकून ठेवतो. मुख्य फाइलच्या बाहेर घडलेली असेल तर ती दिसतच नाही. ऐकायची असेल तर चाचण्या -डब्ल्यू एरर लावून चालवाव्या लागतात, म्हणजे प्रत्येक कुजबुजीची किंकाळी होते. हे वर्षातून दोनदा तरी करावं. आणि पहिल्यांदा कराल तेव्हा शेजारी कुणी नसावं.

आता एखादा जाणकार म्हणेल, पिप चेक चालवून बघा की. बघा. उत्तर येतं, 'नो ब्रोकन रिक्वायरमेंट्स फाउंड.' सर्व्हिस मरून पडली आहे आणि पंचनाम्यात प्रकृती उत्तम! कारण पिप चेक फक्त लिहिलेल्या अटी तपासतो, आणि लिहिलेली अट तर पाळलेली आहे. अट लिहिणाऱ्यालाच पुढचं दिसलं नव्हतं, त्याला पिप काय करणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

उपाय एका ओळीचा: वर्कझ्यूग<३.०. सर्व्हिस उभी राहते. पण मी तिथे थांबत नाही, थेट वर्कझ्यूग==२.२.३ लिहितो. २.३ मध्ये टेस्ट क्लायंटच्या कुकी ठेवण्याची पद्धत बदलली, त्यामुळे जुन्या फ्लास्कच्या जोडीला तो बसवला तर सर्व्हिस चालते आणि चाचण्या पडतात. जोडी एकाच काळातली असावी. एकमेकांच्या खोडी ठाऊक असतात.

ही ओळ फाइलमध्ये न लिहिता घाईघाईनं टर्मिनलवर देणाऱ्यासाठी वेगळा खड्डा खणून ठेवलेला आहे. पिप इन्स्टॉल वर्कझ्यूग<३.० असं अवतरणचिन्हांशिवाय लिहिलं की टर्मिनलवरचा आदेश आधी वाचणारं शेल समजतं, '३.०' नावाची फाइल आत ओतायची आहे. आणि अशी फाइल नाही म्हणून तक्रार करतं. हे निदान कळतं तरी. उलट >=२.२ असं लिहिलं तर काहीच तक्रार येत नाही. पिपचं सगळं बोलणं '=२.२' नावाच्या नव्या फाइलमध्ये गुपचूप जातं, आणि अट शेलनंच गिळल्यामुळे वर्कझ्यूग वाट्टेल तो येतो. फोल्डरमध्ये बरोबरच्या चिन्हानं सुरू होणारी फाइल दिसली तर समजावं, इथे कुणीतरी आपल्याआधी घाम गाळून गेलं आहे. आकडे अवतरणात लिहावेत.

चिन्हांचं निघालंच आहे म्हणून सांगतो. ~=२.२.० म्हणजे २.२ च्या घरातलाच कुठलाही; ~=२.२ म्हणजे २.२ पासून पुढचा, ३ च्या अलीकडचा कुठलाही. एका शून्याचा फरक आणि तो चुकवणाऱ्याची एक अख्खी रात्र.

मर्यादा लिहिल्या म्हणजे सुटलो असंही नाही. फ्लास्क १.१.४ नं शहाणपणानं चारही साथीदारांना वरून कुलूप लावलं होतं: वर्कझ्यूग २ च्या आत, जिंजा ३ च्या आत, इट्सडेंजरस २ च्या आत, क्लिक ८ च्या आत. पण जिंजाच्या पाठीमागून येणारा मार्कअपसेफ? त्याच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये मार्कअपसेफ २.१.० नं सॉफ्ट_युनिकोड काढून टाकला आणि ते चार कुलपांचं घर खिडकीतून फुटलं. तेव्हा माझ्या फाइलमध्ये मी फक्त मला हवी ती तीन नावं लिहीत नाही. तीन नावांची एक फाइल ठेवतो आणि पिप-कंपाइलकडून तिची सविस्तर फाइल काढून घेतो, ज्यात नातवंडा-पतवंडांसकट प्रत्येकाचा नेमका आकडा असतो. सर्व्हरवर जाते ती दुसरी.

आतापर्यंतचं भांडण निदान मुकं होतं. खरा तमाशा दोन लायब्ऱ्या उघड भांडतात तेव्हा. एकीला वर्कझ्यूग ३ च्या अलीकडचा हवा, दुसरीला ३ किंवा पुढचा. पायथनच्या एका एन्व्हायर्नमेंटमध्ये एका नावाची एकच आवृत्ती राहू शकते. जावास्क्रिप्टच्या नोडमध्ये प्रत्येकाला आपापल्या नोड_मॉड्यूल्सच्या पोटात स्वतःची वेगळी प्रत बाळगता येते. त्यामुळे तिकडे भांडणं कमी आणि फोल्डर अजस्र.

नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या २०.३ च्या आधी पिप अशा वेळी जो पहिला भेटेल त्याची अट मान्य करून मोकळा व्हायचा. आता तो न्याय करतो, आणि न्याय म्हटला की वेळ आलाच. दोघांच्या अटी जुळतात का बघण्यासाठी तो एकेक जुनी आवृत्ती उतरवून बघतो. नवी नाही जमली, त्याआधीची. ती नाही, तर त्याच्याही आधीची. जिची तयार व्हील (आधीच बांधून ठेवलेली फाइल) नसते तिची नुसती अट वाचायलासुद्धा तिचा बांधकामाचा कोड चालवावा लागतो. मग मध्येच कळतं की सर्व्हरवर सी कंपायलर नाही, आणि आपण आता जीसीसी शोधतोय. कशासाठी? चार वर्षांपूर्वीच्या, आपल्याला नको असलेल्या आवृत्तीसाठी. थोड्या वेळानं पिपच म्हणतो, नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतोय, कंटाळा आला तर कंट्रोल-सी दाबा. बिचाऱ्याचा दोष नाही. हा प्रश्न गणितात एनपी-कम्प्लीट गटात मोडतो, म्हणजे सगळ्या प्रसंगी झटपट सुटेल अशी रीत कुणालाच ठाऊक नाही.

शेवटी 'रिझोल्यूशन इम्पॉसिबल' येतं आणि खाली सल्ला: एक, अटी सैल करा, दोन, अटी काढून टाका. मात्र सल्ल्याच्या वरचा मजकूर सोन्यासारखा असतो. कोण कुणाकडून काय मागतंय ते तिथे ओळीओळीनं दिलेलं असतं. तो कागदावर उतरवायचा, जिच्यावर आपला कोड कमी अवलंबून आहे ती बाजू हलवायची. पिप इंडेक्स व्हर्जन्सला विचारलं की उपलब्ध आकडे कळतात. आणि पिप इन्स्टॉलला ड्राय-रन जोडलं की काहीही न बसवता निकाल कळतो. दोघी हटूनच बसल्या तर दोन एन्व्हायर्नमेंट, दोन सर्व्हिसा. वेगळी चूल.

एवढं सगळं जुळवल्यावरही सर्व्हिस जुनीच एरर देते, हा प्रसंग वेगळाच आहे. आपण टर्मिनलमध्ये एन्व्हायर्नमेंट ॲक्टिव्हेट केलेलं असतं. ॲक्टिव्हेट फक्त त्या टर्मिनलचा पाथ, म्हणजे प्रोग्राम शोधायच्या जागांची यादी, बदलतं. सर्व्हिस सुरू करणाऱ्या सिस्टमडीला त्याचा गंध नसतो. सर्व्हिस फाइलमधल्या एक्झेकस्टार्टमध्ये सिस्टमच्या गनिकॉर्नचा पत्ता असेल तर तो सिस्टमचाच पायथन चालवणार. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तिथे एन्व्हायर्नमेंटच्या बिनमधल्या गनिकॉर्नचा पूर्ण पत्ता लिहायचा. शंका आली तर त्याच पायथनकडून वर्कझ्यूगचं __फाइल__ छापून घ्यायचं. तो कुठे राहतो ते निमूट सांगतो. आणि पिप नेहमी पायथन -एम पिप असाच बोलवावा, म्हणजे कुणाचा पिप कुणाच्या घरात सामान टाकतोय हा प्रश्नच उरत नाही.

एन्व्हायर्नमेंटचं फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवू नये. त्यातल्या प्रोग्रामांच्या पहिल्या ओळीत जुना पूर्ण पत्ता कोरलेला असतो. मग 'बॅड इंटरप्रिटर' येतं आणि फाइल डोळ्यांसमोर असताना मशीन म्हणतं, नाही. ते पुसून नवं करायला दोन मिनिटं लागतात, दुरुस्त करायला तीन तास. मी आता सरळ पुसतो.

आणि पिपनं काही बदललं की सर्व्हिस लगेच रीस्टार्ट करावी. चालू असलेल्या वर्करच्या मेमरीत जुनाच कोड असतो, त्यामुळे डिस्कवरच्या मोडतोडीचा त्याला पत्ता नसतो. तीन आठवड्यांनी मशीन रीबूट होतं तेव्हा पत्ता लागतो, आणि तोवर काय बदललं होतं ते कुणालाच आठवत नाही.

तर आकडे जुळले, पत्ता सुधारला, रीस्टार्ट केलं. ५०२ गेलं. ५०० आलं, तर आनंद मानावा: आत कुणीतरी जिवंत आहे, फक्त चिडलेलं आहे. बहुधा डेटाबेसचा पासवर्ड राहिलेला असतो. तो भरला की ४०४ येतं, आणि मध्यरात्री दीड वाजता ते पांढरं पान बघून डोळ्यांत पाणी येतं. एनजिनएक्स ते गनिकॉर्न ते फ्लास्क, सगळा रस्ता खुला आहे. फक्त मुळाच्या, म्हणजे साइटच्या नुसत्या, पत्त्यावर आपण काही ठेवलेलं नाही, एवढंच. पानावर लिहिलेलं असतं की हा पत्ता सापडला नाही, तुम्ही हातानं टाइप केला असेल तर स्पेलिंग तपासून पुन्हा प्रयत्न करा.

हे वाक्य फ्लास्कचं नाही. वर्कझ्यूगचं आहे.