पणजोबांचे उर्फ

मुलीचा इंजिनिअरिंगला नंबर लागला आणि आमचे पणजोबा बेपत्ता आहेत, हे घरात पहिल्यांदा कळलं. तोपर्यंत ते वारले आहेत एवढ्यावर सगळे समाधानी होते.

भानगड जात वैधता प्रमाणपत्राची. इतर मागासवर्गाला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो. मी त्यानंतर जन्मलो, म्हणजे बाद. वडिलांच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात कुणा उदारमतवादी मास्तरांनी नुसतं ‘हिंदू’ लिहून विषय संपवलेला. आजोबांच्या शाळेचं जनरल रजिस्टर मिळालं, पण नेमकं त्यांचं पान वाळवीने आमच्याआधी मिळवलं होतं. राहता राहिले पणजोबा तुकाराम.

शिकागोतला मावसभाऊ म्हणाला, “जनगणनेत बघ ना!” तिकडे 1950 च्या जनगणनेचे कागद 2022 मध्ये सगळ्यांना खुले झाले, इंग्रजांनीही त्याच वर्षी 1921 ची त्यांची खानेसुमारी उघडली. त्याच्या शेजाऱ्याने चहा पिता पिता आजोबांचं घर, धंदा आणि भाडेकरू शोधून काढले. मी त्याला जनगणना अधिनियम 1948 चं कलम 15 वाचून दाखवलं. आपल्याकडे शिरगणतीची नोंद बघायचा हक्क कुणालाही नाही आणि ती पुरावा म्हणूनही चालत नाही. म्हणजे सरकारने पणजोबांना मोजलं असेल, पण ते कुणाला सांगणार नाही. आणि मला मात्र विचारणार, पणजोबा होते कशावरून?

मग तालुक्याची रेकॉर्ड रूम. तिथे गाव नमुना नंबर 14 असतो, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूची नोंदवही. तिलाच लोक कोतवाल बुक म्हणतात. आजोबांचा जन्म त्यात सापडेल आणि बापाच्या रकान्यात पणजोबा जातीसकट उभे असतील, असा हिशेब होता. पण कोतवाल वर्दी द्यायचा बाळ जन्मल्यावर, आणि बारसं व्हायचं बाराव्या दिवशी. त्यामुळे नोंदवहीत बाळाचं नाव नाहीच. नुसतं ‘मुलगा’. त्या गावात त्या काळात जन्मलेला प्रत्येक मुलगा आमचा आजोबा असू शकत होता. तारखेने ओळखावं म्हटलं, तर आमच्या घराण्यात बापापासून चुलत्यापर्यंत सगळे 1 जूनला जन्मलेले. शाळा जूनमध्ये उघडायची आणि मास्तर पोराची उंची बघून साल टाकायचे.

शिवाय सगळं मोडीत. मोडीत वेलांटी एकच, उकार एकच, आणि दोन शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नाही. लिहिणारा टाक न उचलता ओळभर पळत सुटतो आणि वाचणाऱ्याने मागून धापा टाकत जायचं. आमच्या मोडी जाणकारांनी भिंग लावून पहिलं लिप्यंतर दिलं, ते ‘तुकाबी नराणू’. ही तुकाबी कोण, म्हणून घरात दोन दिवस कुजबुज चालली. वडील तर एकदम गंभीर झाले. मग दुसऱ्या जाणकारांनी शब्द योग्य ठिकाणी तोडले : तुका बिन राणू. राणूचा मुलगा तुका. वडिलांनी चहा मागितला.

पण गावात तुका बिन राणू दोन निघाले. आडनाव लिहायची तेव्हा गरज वाटत नसे, कारण कोतवालाला दोघंही माहीत होते. तरी आम्ही सुखी. शेजारच्या पानावर धोंडी आणि दगडू इतके होते की त्यांचे वंशज अजून तिथेच बसून असतील. मूल जगावं म्हणून यमाला चकवायला असली नावं ठेवत. यमाचं माहीत नाही, पडताळणी समिती हमखास चकते.

आडनावाची तऱ्हा वेगळीच. आम्ही ढवळे. जुन्या फेरफारात ढोले. सख्ख्या चुलत आजोबांची शाखा पलीकडच्या गावी शिकली, ती ढोबळे झाली. त्यांच्याकडे लग्नाला जाताना आपण भाऊबंद आहोत हे आहेराच्या पाकिटावरून कळत नाही. सगळ्या दप्तरात एकच गोष्ट बिनचूक होती. एका कर्जरोख्याखाली पणजोबांनी सही म्हणून छोटा नांगर काढला होता आणि शेजारी कारकुनाने ‘निशाणी नांगर’ लिहिलं होतं. नांगर अगदी नांगरासारखा. नाव मात्र कारकुनाने तिथे ‘तुकोबा’ केलेलं. कर्जदाराला एवढा मान का दिला, देव जाणे.

वकिलांना हे काहीच नवं नव्हतं. त्यांनी प्रतिज्ञापत्र केलं : तुका उर्फ तुकाराम उर्फ तुकोबा, ढोले उर्फ ढवळे, हे सर्व एकच इसम होत. वाचताना पणजोबा पाच ठाण्यांच्या हद्दीत हवे असलेले दरोडेखोर वाटत होते. समितीला अर्थातच तसंच वाटलं असावं, कारण चौकशीला घरी दक्षता पथक आलं.

पथकातले साहेब सज्जन होते. म्हणाले, “घरात कुणी जुनं माणूस आहे? त्यांचा जबाब घेऊ, विषय मिटेल.” आजी आहे. नव्वदी उलटली, पण कान आणि जीभ शाबूत. पणजोबांची सून, म्हणजे त्यांना प्रत्यक्ष पाहिलेली एकमेव साक्षीदार. मी खुशीत तिला पुढे बसवली.

“आजी, तुमच्या सासऱ्यांचं नाव काय?”

आजीने पदर डोक्यावर ओढला. “अगं बाई! मामंजींचं नाव कसं घेऊ?”

साहेबांनी समजावलं, सरकारी काम आहे म्हणाले. मी समजावलं. मुलगी म्हणाली, “पणजी, माझ्या ॲडमिशनचा प्रश्न आहे गं!” आजी अर्धा तास ढिम्म. शेवटी पणतीकडे बघून विरघळली आणि म्हणाली, “नाव नाही घेणार. खूण सांगते. ते देहूचे नाहीत का, वैकुंठाला गेलेले? तेच.”

आम्ही सगळ्यांनी सुस्कारा टाकला. साहेबांनी मान डोलावली, लिहून घेतलं, आजीचा अंगठा घेतला आणि चहा न घेता निघून गेले.

जबाबाची नक्कल परवा हातात पडली. सासऱ्यांचे नाव : वैकुंठ. मूळ गाव : देहू.

वकिलांना लगेच फोन लावला. ते म्हणाले, काळजी करू नका, प्रतिज्ञापत्रात अजून एक ‘उर्फ’ मावेल. फक्त गावालाही ‘उर्फ’ लावता येतं का, ते तेवढं बघून सांगतो.