शिगूरची शॉटगन 1980ची नाही

‘नो कंट्री फॉर ओल्ड मेन’बद्दल एक दावा सारखा फिरतो: सिनेमातलं एकूण एक हत्यार काळाला धरून आहे, सायलेन्सर लावलेली शॉटगन खरंच अशी दबकी वाजते, आणि सिनेमातला थंड डोक्याचा मारेकरी शिगूर याच्याकडे आहे ती हवेची बंदूक. कोएन बंधूंचा 2007चा हा सिनेमा मला फार जवळचा आहे, म्हणूनच त्याच्या नावावर खपवलेलं हे कौतुक खटकतं.

आधी काळ. पेट्रोल पंपावरचं नाणं आठवा. ते 1958चं आहे आणि 22 वर्षं प्रवास करत इथवर आलंय, असं शिगूर सांगतो. म्हणजे साल 1980. त्याच्या हातात मात्र रेमिंग्टन 11-87 ही शॉटगन. हे मॉडेल बाजारात आलं 1987 साली.

आता आवाज. बार उडतो तेव्हा जळालेल्या दारूचा तापलेला वायू नळीच्या तोंडाशी एकदम सुटतो. धमाका होतो तो त्याचा. सायलेन्सर म्हणजे आतून कप्पे पाडलेला डबा. वायू कप्प्याकप्प्यात अडत, निवत बाहेर पडतो आणि साधारण 20 ते 30 डेसिबल कमी होतात. पण बारा बोअरच्या अशा शॉटगनचा बार मुळातच 150 डेसिबलच्या वर. उरलेला आवाजही रस्ता फोडणाऱ्या ड्रिलला मागे टाकतो. हॉटेलच्या अरुंद बोळात तो झाला तर अख्खा मजला जागा होईल. पडद्यावर ऐकू येतो तो कोंडलेला फुस्कारा ध्वनी विभागाने घडवलाय. दर वेळी अंगावर काटा येतो, पण ते श्रेय त्या माणसांचं, हत्याराचं नाही.

आणि ती ‘हवेची बंदूक’? कत्तलखान्यात गुराच्या कपाळाला टेकवून त्याला बेशुद्ध करायचं यंत्र आहे ते. हवेच्या दाबाने पोलादी दांडा काही इंच बाहेर येतो आणि परत आत जातो. सुटत काहीच नाही. म्हणून तर मेलेल्या माणसाच्या कपाळाला भोक आहे आणि गोळी मात्र नाही, या कोड्यात शेरीफ अडकतो. बंदूक म्हटलं की ते कोडंच उरत नाही.

काळाच्या बाबतीत एक हत्यार मात्र चोख आहे. शिगूर ज्याच्या मागावर असतो तो मॉस दुकानातून घेतो ती विंचेस्टर 1897 शॉटगन. मागे उघडा घोडा असलेली, 1957पर्यंत बनत होती, त्यामुळे 1980च्या टेक्सासात सहज मिळावी अशी. तिची नळी आणि दस्ता तो करवतीने कापतो, तेव्हा त्या लोखंडावर शंका घ्यायला जागा नाही.