कार्लसन अंग चोरतो? पिट्सबर्गकरांच्या कॉमेंटला उत्तर

पिट्सबर्गकर, नमस्कार. तुम्ही नाव लिहिलं नाहीत म्हणून मीच हे ठेवलंय, चालवून घ्या. तुमची कॉमेंट ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभ्या उभ्या वाचली आणि डोकं फिरलं, रात्री जेवणं झाल्यावर परत वाचली तर राग निम्मा झालेला, कारण त्यातलं निम्मं खरंय. उरलेल्या निम्म्यासाठी एवढं लांबलचक उत्तर.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की पक (आइस हॉकीतली रबरी चकती) स्टिकवर असताना एरिक कार्लसनसारखा डिफेन्समन, म्हणजे मागच्या फळीतला खेळाडू, आपल्या पिढीने पाहिला नाही, आणि सॅन होजेच्या टीममध्ये त्याचं बिनसलं कारण त्याच्यासारखाच दुसरा डिफेन्समन ब्रेंट बर्न्स त्याच्या जागेवर बसला होता. त्यावर तुम्ही म्हणता, "एकट्याला सगळं दिलं की हा खेळतो, वाटून घ्यायची वेळ आली की रुसतो आणि अंग चोरतो. सॅन होजेत १०१ पॉइंट्स, आमच्याकडे आला आणि ५६. द्रविडने टीमसाठी ग्लोव्ह्ज घातले, ह्याला एक पॉवरप्ले वाटून घेता येत नाही? तुम्ही सॅन होजेचे, तुम्हाला तो गोडच लागणार." (नवीन वाचकांसाठी: पॉइंट म्हणजे स्वतः मारलेला गोल किंवा दुसऱ्याच्या गोलला दिलेला पास. आणि क्रिकेटचा पॉवरप्ले डोक्यातून काढा, इथे समोरचा एक जण पेनल्टी बॉक्समध्ये बसतो आणि सहसा दोन मिनिटं पाच विरुद्ध चार.)

शेवटचं आधी. हो, मी सॅन होजेचाच, आणि गोड लागतोच.

आता अंग चोरण्याचं. पिट्सबर्गमध्ये राहून तुम्ही हे लिहावं याचं खरंच आश्चर्य वाटलं, कारण मे २०१७ मध्ये तो तुमच्याच टीमविरुद्ध सेमीफायनलच्या सातव्या मॅचमध्ये डबल ओव्हरटाइमपर्यंत खेळला होता, ओटावाचा कॅप्टन म्हणून, डाव्या टाचेच्या हाडाला बारीक फ्रॅक्चर असताना. त्या प्लेऑफ्समध्ये १९ मॅचमध्ये १८ पॉइंट्स. शेवटी तुमच्या कुनिट्झने गोल मारला, तुम्ही पुढे जाऊन स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, उचललात आणि हा जूनमध्ये पायाचं ऑपरेशन करून घरी बसला. त्याच्याही आधी २०१३ च्या फेब्रुवारीत मॅट कुकच्या स्केटचं पातं लागून त्याची टाचेमागची नस कापली गेली होती, तरी तो त्याच सीझनमध्ये परत आला. तेव्हा बेफिकीर म्हणा, हट्टी म्हणा, पक फार वेळ धरून ठेवतो म्हणा, मी मान हलवीन, पण अंग चोरतो हे नको.

तो आळशी दिसतो हे मात्र खरं, आणि ह्या दिसण्याने त्याचं फार नुकसान केलंय. २०१८ च्या हिवाळ्यात माझे सासरे इस्लामपूरहून आले होते. आयुष्य कबड्डीत गेलेलं, बर्फ फक्त फ्रीझरमधला माहीत. त्यांना शार्क टँकमध्ये, म्हणजे सॅन होजेच्या स्टेडियममध्ये नेलं, दोन स्वेटर आणि कानटोपी घालून वरच्या रांगेत बसवलं. पहिल्या दहा मिनिटांत विचारतात, "तो पासष्ट नंबरवाला दमलाय का हो?" मी म्हटलं बघत राहा. कार्लसन पक घेऊन आपल्याच गोलमागे गेला, तिथे एक संथ वळसा, पाय जवळजवळ थांबलेले, मान मात्र वर, समोरचा फॉरवर्ड अंगावर धावून आला आणि अगदी हाताच्या अंतरावर आल्यावर ह्याने मनगट हलवलं, पक त्या फॉरवर्डच्या स्टिकखालून निघून दोन लाइन्स पार करून पलीकडे आपल्या माणसाच्या ब्लेडवर जाऊन बसला. सासरे पुढे सरकून बसले. पण थोड्या वेळाने त्यांनी जे विचारलं ते मला आजपर्यंत कुठल्या हॉकी पंडिताने विचारलेलं नाही: "तो दाढीवाला अठ्ठ्याऐंशी आणि हा, दोघं चढाईवालेच ना? मग चढाई एका वेळी कोण करणार?"

अठ्ठ्याऐंशी म्हणजे बर्न्स, आणि तिथंच मेख आहे. कार्लसन राइट शॉट (म्हणजे स्टिक उजव्या बाजूला धरणारा), बर्न्स राइट शॉट, आणि पिट्सबर्गचा तुमचा डिफेन्समन लेटँगही राइट शॉट. उजव्या बाजूच्या डिफेन्समनला बोर्डजवळ आलेला पक फोरहँडवर मिळतो, डाव्या बाजूला गेलं की तोच पक बॅकहँडवर घ्यायचा, म्हणजे अर्धा सेकंद गेला, आणि कार्लसनचा सगळा खेळ त्या अर्ध्या सेकंदाचाच आहे. त्यामुळे असे दोघं असले की ते एका जोडीत सहसा बसत नाहीत, वेगवेगळ्या जोड्या करून आलटून पालटून उतरवायचे. पॉवरप्लेमध्ये तर आणखी अडचण. आजकाल तिथे वर ब्लू लाइनवर (समोरच्यांची हद्द जिथे सुरू होते ती निळी रेष) एकच डिफेन्समन ठेवतात, बाकी चार फॉरवर्ड. म्हणजे खुर्ची एक. सॅन होजेने कधी दोघांनाही एकत्र घालून पाहिलं, तेव्हा एक जण कायम दुसऱ्याच्या खोलीत पाहुणा म्हणून आल्यासारखा दिसायचा, आणि तो पाहुणा बहुतेक वेळा कार्लसन असायचा, कारण बर्न्स घरचा.

आता माझी चूक. "बर्न्स त्याच्या जागेवर बसला" असं मी ठोकून दिलं होतं, ते चुकलं. २०१८-१९ मध्ये बर्न्सचे ८३ पॉइंट्स, त्याच्या करिअरमधला बेस्ट सीझन. आणि कार्लसनचे ५३ मॅचमध्ये ४५, म्हणजे पूर्ण ८२ मॅच धरल्या तर ७० च्या आसपास. गोल फक्त ३, म्हणून सगळ्यांना तो फ्लॉप वाटला, मलाही वाटला, त्या वर्षी मी घरात टीव्हीसमोर काय काय बोललोय ते बायकोला विचारा. पण आकडे बघितले तर दोघांनी वाटून घेऊन दोघांचं पोट भरलं होतं. प्लेऑफ्समध्ये तर विचारूच नका. वेगसविरुद्धची सातवी मॅच, ३-० ने मागे, आपला कॅप्टन पॅव्हेल्स्की रक्तबंबाळ होऊन आत गेला, त्या पाच मिनिटांच्या पेनल्टीत आपण चार गोल ठोकले, आणि ओव्हरटाइममध्ये जिंकून देणाऱ्या गोलसाठी गुड्रोला धावत्यावर जो पास मिळाला तो कार्लसनचा. पुढे सेंट लुइसविरुद्ध तिसऱ्या मॅचमध्ये ओव्हरटाइमचा गोल त्याचाच (आधी हँड पास, म्हणजे हाताने ढकललेला पक, होता, रेफ्रींना दिसला नाही, मान्य, सेंट लुइसवाल्यांनी कृपया कॉमेंट करू नये). १९ मॅचमध्ये १६ पॉइंट्स, जांघेचा स्नायू दुखावलेला असताना, आणि शेवटची सहावी मॅच तर त्याला खेळताच आली नाही. तिथेच आपण बाहेर.

मग बिघडलं कुठे? तर पुढच्या तीन सीझनमध्ये. जून २०१९ मध्ये आठ वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट, वर्षाला ११.५ मिलियन, तेव्हा कुठल्याही डिफेन्समनपेक्षा जास्त. बर्न्सचे ८, व्लासिकचे ७. तीन डिफेन्समनवर साडेसव्वीस मिलियन, आणि टीमची कॅप, म्हणजे सगळ्या पगारांची मर्यादा, साडेएक्क्याऐंशी. पॅव्हेल्स्की डॅलसला निघून गेला. ह्या हिशेबात कार्लसनचा दोष एवढाच की समोर ठेवलेल्या कागदावर त्याने सही केली, तुम्ही आम्ही केली नसती का? २०२०-२१ मध्ये ५२ मॅचमध्ये २२ पॉइंट्स, हा त्याचा खरा तळ. तुम्ही "इनकन्सिस्टंट" म्हणता ते ह्या काळाला लागू आहे, आणि त्यात जागा वाटून घेणं किती, मोडलेलं शरीर किती आणि रिकामी होत गेलेली टीम किती, हे वेगळं काढणं मला तरी जमत नाही. तुम्हाला एका शब्दात जमलं, "रुसला".

बर्न्स जुलै २०२२ मध्ये कॅरोलिनाला गेला आणि पुढच्याच सीझनला ह्याचे १०१. डिफेन्समनने शंभर ओलांडले ते ब्रायन लीचच्या १९९१-९२ नंतर पहिल्यांदा. तुमचा मुद्दा इथे सगळ्यात जड आहे हे मी कबूल करतो. पण दोन गोष्टी बघा. एक तर त्यातले बहुतेक पॉइंट्स पॉवरप्लेचे नाहीत, साध्या पाच विरुद्ध पाच खेळातले आहेत, त्यामुळे खुर्ची परत मिळाली म्हणून खेळला हे अर्धवट उत्तर झालं. झालं असं की तेव्हाचा कोच डेव्हिड क्विनने त्याला मोकळं सोडलं, आणि त्या टीममध्ये पक पुढे न्यायला दुसरं फारसं कोणी नव्हतंच, प्रत्येक चढाई ह्याचीच. आणि दुसरं म्हणजे ती टीम ८२ पैकी फक्त २२ मॅच जिंकली, तो स्वतः मायनस २६ (म्हणजे पॉवरप्ले सोडून, तो बर्फावर असताना टीमने मारले त्यापेक्षा २६ गोल जास्त खाल्ले). सर्वोत्तम डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफी मिळाली तिसरी, पण त्या वर्षी मी बऱ्याच मॅच दुसऱ्या पिरियडनंतर बंद केल्यात. तो सीझन मोजपट्टी म्हणून पिट्सबर्गला न्यायचा आणि १०१ वजा ५६ अशी वजाबाकी करायची, ही तुमची चूक. ज्या घरात क्रॉस्बी आणि माल्किन आहेत तिथे शंभर वेळा पक ह्याच्याकडे येणार नाही, आणि येऊही नये.

आणि तुम्ही लेटँगबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीत! तीन कप जिंकलेला माणूस, तुमच्या पहिल्या पॉवरप्लेवर वर्षानुवर्षं उभा राहिलेला, तो निमूटपणे दुसऱ्या युनिटवर गेला. २०२३-२४ मध्ये लेटँगचे ५१, कार्लसनचे ५६. दोघं राइट शॉट, दोघं तिशी ओलांडलेले, दोघं ८२ मॅच खेळले, मिळून १०७. वाटून घेणं म्हणतात ते आणखी कसं असतं? टीमचे प्लेऑफ्स टेबलमध्ये तीन पॉइंट्सनी हुकले, पॉवरप्ले लीगमध्ये अगदी तळाशी होता, त्याचं दुःख मला समजतं. पण पॉवरप्ले बघणाऱ्या असिस्टंट कोचला काढलं, त्याच्या जागी आणला कोणाला तर क्विनला, आणि २०२४-२५ मध्ये तोच पॉवरप्ले कुठल्या कुठे वर गेला, तेही कार्लसनचे पॉइंट्स तीनने कमी होऊन ५३ झालेले असताना. म्हणजे त्याचे पॉइंट्स आणि पॉवरप्लेची तब्येत हे दोन वेगळे काटे आहेत, एकावरून दुसरा वाचता येत नाही.

द्रविडचं उदाहरण भारी आहे पण इथे बसत नाही. द्रविडने ग्लोव्ह्ज घातले तेव्हा त्याची बॅटिंग कोणी काढून घेतली नव्हती, वरून एक काम वाढलं होतं. उदाहरण घ्यायचंच तर सचिनचं घ्या ना. २००२ मध्ये गांगुली आणि सेहवाग ओपन करायचे म्हणून वनडेत सचिनला चारवर पाठवलं. तो तिथे वाईट खेळला नाही, पण बघताना आपल्यालाच चुकल्यासारखं व्हायचं. २००३ च्या वर्ल्ड कपला परत ओपनिंगला आणला आणि ६७३ रन्स. तेव्हा आपल्या गल्लीत कोणी "चारवर रुसला होता" म्हणालं होतं का? म्हणालं असतं तर धड घरी गेलं नसतं.

आता जिथे तुम्ही पूर्ण बरोबर आहात ते. चिडलेला कार्लसन वाईट खेळतो. तीन जणांच्या मधून जाणारा पास, जो ओटावात तो डोळे मिटून द्यायचा, तो पस्तिशीतल्या पायांनी दिला की अडतो, आणि मग समोरचा एकटा पळत सुटतो आणि हा ब्लू लाइनवर कमरेवर हात ठेवून उभा. हे मी शंभर वेळा पाहिलंय. ह्याला लेटँग कारण नाही, बर्न्स नाही, कोच नाही. ओटावात मागे मार्क मेथॉट असायचा, शांत, कंटाळवाणा वाटावा इतका शिस्तीचा, हा पुढे गेला की तो न बघता मागे थांबलेला. २०१७ मध्ये नव्या वेगस टीमने एक्सपान्शन ड्राफ्टमध्ये (नव्या टीमला जुन्या टीम्सचे खेळाडू निवडू देतात तो) मेथॉटला उचललं आणि पुढच्या सीझनला कार्लसन मायनस २५. त्याच्या चुका आधीही तेवढ्याच असाव्यात, फक्त कोणीतरी पुसून घेत होतं. माझ्या मते पॉवरप्लेची खुर्ची कोणाकडे यापेक्षा मागे कोण थांबतंय ह्याने त्याचा सीझन ठरतो, आणि पिट्सबर्गने मागे थांबणाऱ्या मार्कस पेटरसनला व्हँकूव्हरला पाठवलं तेव्हा मला धस्स झालं ते त्यामुळेच. त्याच्यावर खार खाण्याआधी त्या बाजूला कोण उभा होता ते बघून ठेवा एवढंच म्हणणं.

"एकदा इथे येऊन डोळ्यांनी बघा" असं लिहिलंयत, तर येतो. पुढच्या सीझनला ऑफिसच्या कामानिमित्त तिकडे यायचं चाललंय. जर्सी पासष्ट नंबरची असेल पण सॅन होजेची, शेजारी बसायला लाज वाटणार नसेल तर तिकिटं दोन काढा, पैसे मी देतो.

जाता जाता, सासऱ्यांना रविवारी फोन केला तेव्हा तुमची कॉमेंट वाचून दाखवली. त्यांनी विचारलं, तो दमलेला पोरगा आता कुठल्या टीमला? म्हटलं पिट्सबर्गला. "बरं झालं, तिथं तो दाढीवाला नाही ना?" म्हटलं नाही, पण तिथे दुसरा एक आहे. पलीकडे थोडं थांबून म्हणाले, "उजवाच?"